‘पुरे’ कोण म्हणतं?

आजचा विषय कळल्यावर एका स्नेह्यांनी फोन करून विचारलं, “तुम्ही तत्त्वज्ञानाचे, मग संप्रेरकं आणि मेंदू हे कुठून काढलंत?” प्रश्न रास्त आहे, म्हणून आधी त्याचं उत्तर देतो.

कॉलेजात मी वर्षानुवर्षं एक प्रश्न शिकवला. माणसाला कळतं पण वळत नाही, हे कसं? ग्रीकांनी याला ‘अक्रासिया’ असं नाव दिलं होतं. ते समजावताना माझं ठरलेलं उदाहरण जिलबीचं असे. पोट भरलेलं आहे, डॉक्टरांनी गोड बंद करायला सांगितलंय, बुद्धी ‘पुरे’ म्हणतेय आणि तरी हात ताटाकडे जातोच. मुलं हसायची, तास रंगायचा. त्या उदाहरणात मी एक गोष्ट न तपासताच धरून चाललो होतो. ती म्हणजे, ‘पुरे’ हा शब्द बुद्धी उच्चारते. आता, सत्तरी उलटल्यावर, मला कळतंय की जेवण थांबवणारं ते पहिलं ‘पुरे’ बहुतांशी बुद्धीच्या फार खाली, मेंदूच्या देठात तयार होतं. ‘मी’ म्हणवणाऱ्याला ते नंतर कळवलं जातं. आणि ही गोष्ट न कळल्यामुळे आपण माणसांना फार बोल लावतो. जास्त खाणाऱ्यांना लावतो, आणि ज्यांना खाववत नाही त्यांनाही लावतो. आजचं व्याख्यान त्याबद्दल आहे.

सुरुवात प्लेटोपासून करू. त्याच्या ‘टिमेयस’ या संवादात शरीररचनेचं मोठं मजेदार वर्णन आहे. खाण्यापिण्याची वासना त्याने श्वासपटल आणि बेंबी यांच्या मधे ठेवली, गोठ्यात जनावर बांधावं तशी. विवेक वर डोक्यात. आणि आतड्यांची एवढी वेटोळी कशासाठी? तर अन्न लगेच निघून जाऊ नये म्हणून. नाहीतर माणूस सारखा खातच बसला असता आणि तत्त्वज्ञानाकडे फिरकलाच नसता! हसण्यावारी नेऊ नका. आतड्याची लांबी आणि खाणं थांबणं यांचा काहीतरी संबंध आहे, ही त्याची अटकळ अगदीच फोल नव्हती. फक्त त्याला हे माहीत असणं शक्य नव्हतं की त्या वेटोळ्यांच्या आतल्या अस्तरात संदेश पाठवणाऱ्या पेशी बसलेल्या आहेत.

आता एकदम विसाव्या शतकात येऊ. भुकेचा मेंदूतला पत्ता शोधताना शास्त्रज्ञांची नजर प्रथम गेली ती हायपोथॅलॅमसकडे. आपल्या शाळेच्या पुस्तकात त्याला ‘अधश्चेतक’ म्हणतात. मेंदूच्या तळाशी, मध्यभागी असलेला हा लहानसा भाग. १९४० मध्ये हेदरिंग्टन आणि रॅन्सन यांनी दाखवलं की याच्या मधल्या भागाला इजा केली की उंदीर बेसुमार लठ्ठ होतात. १९५१ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठात बाळकृष्ण आनंद आणि ब्रोबेक यांनी याच्या बाजूच्या भागाला इजा केली, तर उंदरांनी खाणंच सोडलं. अन्न समोर असून ते उपाशी मेले. हे आनंद म्हणजे पुढे दिल्लीच्या एम्समध्ये शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक झाले, ते. या प्रयोगांनंतर कित्येक वर्षं पुस्तकांत सरळ चित्र असायचं. इथे भूक-केंद्र, तिथे तृप्ती-केंद्र, जणू दोन बटणं. ते चित्र साफ चूक नव्हतं, पण अपुरं होतं.

ते अपुरं आहे हे कळलं मेंदूच्या देठामुळे. वांग्याला जसा देठ असतो तसा मेंदूला एक देठ आहे. इंग्रजीत ब्रेनस्टेम, मराठीत मस्तिष्कस्तंभ. वर मोठा मेंदू, खाली मणक्यातला मज्जारज्जू, आणि दोघांना जोडणारा हा देठ. त्याचा सगळ्यांत खालचा तुकडा म्हणजे मस्तिष्कपुच्छ. श्वास, हृदयाचे ठोके, रक्तदाब, गिळणं, ओकारी ही सगळी कामं तिथून चालतात. तिथे विचार होत नाही, आठवणी साठत नाहीत. झोपेत तुम्ही ‘नसता’ तेव्हाही हा जागा असतो.

१९७८ मध्ये ग्रिल आणि नॉरग्रेन यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. ऐकायला क्रूर आहे, मलाही वाचताना त्रास झाला. पण त्यातून जे कळलं ते आपल्या प्रश्नाच्या मुळाशी आहे. त्यांनी उंदरांचा मेंदूचा देठ वरच्या मेंदूपासून तोडला. मोठा मेंदू नाही, हायपोथॅलॅमसशीही संबंध नाही, फक्त देठ शाबूत. असा उंदीर स्वतःहून अन्नाकडे जात नाही. समोर ठेवलंत तरी उपाशी मरेल. पण त्याच्या तोंडात गोड द्रव सोडला तर तो चाटतो, गिळतो. आणि काही वेळाने थांबतो! द्रव तोंडातून ओघळू देतो. आधीच नळीने पोट भरलेलं असेल तर लवकर थांबतो, उपाशी असेल तर उशिरा.

म्हणजे ‘हवंय’ म्हणून अन्न शोधायला लागणारा मेंदू नाही, तरी ‘पुरे’ म्हणता येतं. याच प्रयोगातली दुसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची आहे. साधा उंदीर एखादी चव घेतल्यावर आजारी पडला तर पुढच्या वेळी ती चव टाळतो. हा उंदीर ते शिकत नाही. त्याला आत्ताचं पोट कळतं, कालचं आठवत नाही. हा भेद लक्षात ठेवा, शेवटी त्याच्याकडे परत येऊ.

मग या देठाला पोटातली बातमी पोचते कशी? रस्ते दोन आहेत. एक तारेचा, दुसरा रक्ताचा.

तार म्हणजे व्हेगस नावाची नस. ही देठातून निघते आणि मान, छाती ओलांडून पोटापर्यंत जाते. आपल्याला वाटतं मेंदू वरून हुकूम सोडतो आणि पोट ऐकतं. प्रत्यक्षात या नसेतले सुमारे ८० टक्के धागे उलट्या दिशेने, खालून वर बातमी नेणारे आहेत. पोट बोलतं जास्त, ऐकतं कमी. बातमी जिथे उतरते त्या केंद्राला थोडक्यात एनटीएस म्हणतात. गंमत अशी की जिभेवरची चवही याच केंद्राच्या वरच्या टोकाला येऊन पोचते. म्हणजे घास तोंडात आहे तो कसा लागतोय आणि आधीचे घास पोटात किती ताण देताहेत, हे दोन्ही हिशेब शेजारी शेजारी मांडले जातात.

या तारेवर बोलणारं सगळ्यांत जुनं माहितीतलं संप्रेरक म्हणजे कोलेसिस्टोकायनिन. नाव लांबलचक आहे, आपण सीसीके म्हणू. जठरातून अन्न लहान आतड्यात उतरलं, त्यात तूप-तेल किंवा प्रथिनं असली, की आतड्याच्या अस्तरातल्या पेशी सीसीके सोडतात. पित्ताशय आकुंचन पावायला लावणारं द्रव्य म्हणून ते १९२८ पासून माहीत होतं. १९७३ मध्ये गिब्ज, यंग आणि स्मिथ यांनी ते उंदरांना टोचलं, तर उंदीर कमी खाऊन थांबले. १९८१ मध्ये पुढचा पुरावा आला. पोटाकडची व्हेगस कापली तर सीसीकेचा हा परिणाम जवळजवळ नाहीसा होतो. म्हणजे संप्रेरक मेंदूपर्यंत स्वतः चालत जात नव्हतं. आतड्याजवळच व्हेगसच्या टोकाला ते चिकटत होतं आणि बातमी तारेने वर जात होती. आणि वर कुठे? देठात. कारण १९८८ मध्ये ग्रिल आणि स्मिथ यांनी दाखवलं की मघाचे ते देठ-उंदीरसुद्धा सीसीके दिल्यावर लवकर थांबतात.

बातमी मिळाल्यावर देठ काय करतो? एक तर व्हेगसच्याच उरलेल्या धाग्यांवरून खाली निरोप धाडतो, “जठर सावकाश रिकामं कर.” पोट अधिक वेळ भरलेलं राहतं. दुसरं, तो वर हायपोथॅलॅमसला आणि इतर भागांना कळवतो. मग ‘मला’ वाटतं, आता नको. त्याचं श्रेय मी खुशाल स्वतःकडे घेतो.

इथे एक सूक्ष्म मुद्दा आहे. १९८४ मध्ये वेस्ट, फे आणि वुड्स यांनी उंदरांना दर जेवणाच्या सुरुवातीला आपोआप सीसीके मिळेल अशी व्यवस्था केली. दर जेवण लहान झालं, हे अपेक्षेप्रमाणे. पण उंदरांनी जेवणांची संख्या वाढवून भरपाई केली! सीसीके हे एका पंगतीचं ‘पुरे’ आहे, आयुष्याचं नव्हे. शरीरातल्या साठ्याचा लांबचा हिशेब वेगळी संप्रेरकं सांगतात. चरबीतून येणारं लेप्टिन, जे १९९४ मध्ये सापडलं, ते त्यांतलं मुख्य. लेप्टिन हायपोथॅलॅमसमध्ये काम करतंच, पण देठातही करतं. ते सीसीकेचा आवाज मोठा करतं. साठा भरपूर असेल तर तेच ‘पुरे’ लवकर ऐकू येतं.

आता दुसरा रस्ता, रक्ताचा. मेंदू आणि रक्त यांच्यामध्ये एक भिंत असते. रक्तातली वाटेल ती वस्तू मेंदूत शिरू शकत नाही. पण देठात एनटीएसला लागूनच एक जागा आहे, तिथे ही भिंत नाही. तिचं नाव एरिया पोस्ट्रेमा. वाड्याच्या भिंतीत बाहेर बघायला झरोका ठेवावा तशी ही जागा. रक्तात विष आलं तर ते इथे हुंगलं जातं आणि ओकारी होते. १९५० च्या दशकात बोरिसन आणि वँग यांनी ओकारी सुरू करणारी जागा म्हणूनच तिची ओळख पटवली. पण विष हुंगणाऱ्या या झरोक्यातून तृप्तीची संप्रेरकंही आत येतात. स्वादुपिंडातून इन्सुलिनच्या बरोबरीने सुटणारं अमायलिन इथेच काम करतं.

आणि इथेच काम करतं ते आज ज्याच्या नावाने वर्तमानपत्रं भरलेली असतात ते जीएलपी-१. हे आतड्याच्या वेटोळ्यांतल्या पेशींतून सुटतं. शिवाय एनटीएसमधल्या काही पेशी स्वतःही ते तयार करतात. शरीरातलं जीएलपी-१ अत्यंत अल्पायुषी असतं, साधारण दोन मिनिटांत निम्मं संपतं. एक विकर त्याचे तुकडे करतं. औषध करायचं तर ते टिकायला हवं. मार्ग अनपेक्षित ठिकाणी सापडला. अमेरिकेच्या वाळवंटात गिला मॉन्स्टर नावाचा विषारी सरडा असतो. त्याच्या विषात जॉन एंग यांना १९९२ मध्ये जीएलपी-१ शी मिळतंजुळतं पण चिवट द्रव्य मिळालं. त्यावरून तयार झालेलं मधुमेहाचं औषध २००५ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. पुढे मानवी जीएलपी-१ मध्येच फेरफार करून सेमाग्लुटाइड आलं, ते शरीरात सुमारे आठवडाभर निम्मं टिकून राहतं. दोन मिनिटं कुठे आणि आठवडा कुठे! जेवणानंतरची एक हाक होती, ती दिवसरात्र चालणारी सनई झाली.

२०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत, ६८ आठवड्यांत, सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांचं वजन सरासरी १४.९ टक्क्यांनी उतरलं. ज्यांना नुसतंच खोटं इंजेक्शन आणि तोच आहारविहाराचा सल्ला मिळाला, त्यांचं २.४ टक्क्यांनी. मी हे आकडे औषधाची जाहिरात म्हणून सांगत नाही. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचं औषध आहे. मी ते तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी म्हणून वाचतो. दोन्ही गटांतली माणसं सारखीच होती, निश्चय सारखाच होता. एका गटात ‘पुरे’चा आवाज वाढवला, एवढाच फरक. आणि औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आलं. त्यांचा निश्चय औषधाबरोबर संपला, असं म्हणायचं का? मला तसं म्हणणं अन्यायाचं वाटतं. आवाज थांबला, एवढंच झालं.

या औषधांचा नेहमीचा त्रास म्हणजे मळमळ. आता तुम्हीच सांगाल का ते. तृप्ती आणि ओकारी एकाच घरात राहतात. मग मळमळ हीच तृप्ती का? नुसतं जीव कसनुसा होतो म्हणून माणूस खात नाही का? २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या उंदरांवरच्या अभ्यासात या दोन वाटा वेगळ्या करता आल्या. एरिया पोस्ट्रेमातल्या जीएलपी-१ ओळखणाऱ्या पेशी चेतवल्या की किळस उत्पन्न होते. एनटीएसमधल्या चेतवल्या की किळस न येता भूक कमी होते. घर एक, खोल्या दोन. मराठीत आपण हे केव्हापासून वेगळं ठेवलं आहे. ‘पोट भरलं’ निराळं आणि ‘शिसारी आली’ निराळं.

आता मी ज्या गोष्टीसाठी हा विषय घेतला ती सांगतो.

जीडीएफ-१५ नावाचं एक प्रथिन आहे. ते जेवणामुळे सुटत नाही. शरीरातल्या पेशी संकटात असल्या की सुटतं आणि संप्रेरकासारखं रक्तातून फिरतं. २०१७ मध्ये चार वेगवेगळ्या गटांनी त्याचं कुलूप शोधलं, म्हणजे ते जिथे जाऊन बसतं तो रिसेप्टर. भुकेशी संबंधित हे कुलूप सापडलं ते देठातच, एरिया पोस्ट्रेमा आणि एनटीएस या दोन शेजाऱ्यांकडे. गरोदरपणात हेच प्रथिन गर्भाकडून आईच्या रक्तात येतं. ज्या बाईच्या शरीराला आधीपासून त्याची सवय नसते तिला मळमळ-उलट्यांचा त्रास अधिक होतो, असं २०२३ च्या संशोधनात दिसलं. आपल्याकडे ‘कडक डोहाळे’ म्हणतात ना, ते. कित्येक पिढ्या अशा मुलींना ‘नखरे’ म्हणून ऐकवलं गेलं.

आणि अनेक कर्करोगांत हेच प्रथिन वाढतं. रुग्णाची अन्नावरची वासना उडते. माझ्या थोरल्या बहिणीचं तसं झालं. शेवटच्या चार-पाच महिन्यांत ती दोन घासांनंतर ताट सरकवायची. मी रोज संध्याकाळी जायचो आणि तिला खायला लावायचो. “ताई, चार घास तरी खा. तू मनावरच घेत नाहीस.” ती म्हणायची, “अरे, मनाचं काय घेऊन बसलास, घासच उतरत नाही.” आणि मी, इच्छाशक्ती शिकवलेला माणूस, तिला इच्छाशक्तीवर ऐकवत होतो. एकदा तर रागावून उठून गेलो. ती मला जे सांगत होती ते शब्दशः खरं होतं. हे मला तिच्या मागे काही वर्षांनी वाचून कळलं.

तिच्या बाबतीत नेमकं कोणतं द्रव्य किती होतं हे मी सांगू शकत नाही. पण असा रुग्ण हट्ट करत नसतो, हे आता नक्की सांगता येतं. जीडीएफ-१५ ला अडवणाऱ्या औषधाची चाचणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली. ज्यांच्या रक्तात ते वाढलेलं होतं आणि वजन घटत होतं अशा कर्करुग्णांपैकी, सगळ्यांत मोठा डोस मिळालेल्यांचं वजन १२ आठवड्यांत, औषध न मिळालेल्यांच्या तुलनेत सुमारे २.८ किलोंनी जास्त होतं. त्यांना कुणी आग्रह केला नव्हता. देठाला सतत मिळणारा निरोप थोडा अडवला होता.

*प्रश्न (श्रोत्यांमधून): मग सर, संयमाला काही अर्थच उरला नाही का?*

उरला, पण त्याची जागा बदलली. तो देठ-उंदीर आठवा. त्याच्याकडे ‘पुरे’ होतं, पण अन्नाकडे जाणं नव्हतं, कालची आठवण नव्हती, उद्याचा विचार नव्हता. ती कामं वरच्या मेंदूची. घरात काय आणून ठेवायचं, केव्हा जेवायला बसायचं, किती भरभर खायचं हे आपल्या हातात बऱ्यापैकी असतं. आतड्यातून निरोप वर पोचायला वेळ लागतो, म्हणून सावकाश जेवावं. ‘अष्टांगहृदया’त सांगितलंय की पोटाचे दोन भाग अन्नाने भरावेत, एक द्रवाने आणि चौथा मोकळा ठेवावा. तो नियम जेवायला बसण्याआधी ठरवलेला असतो, हे त्यातलं शहाणपण. जिलबी समोर आल्यावर ठरवायला बसलात तर उशीर झालेला असतो. आणि ‘पोट भरलं पण मन भरत नाही’ असं आपण म्हणतो तेव्हा दोन वेगवेगळ्या मजल्यांबद्दल बोलत असतो, हेही आता ध्यानात येईल. खालचा मजला ‘पुरे’ म्हणाला, वरचा अजून चवीत अडकलाय.

पण खालच्या मजल्याचा आवाज प्रत्येकाला सारखा ऐकू येत नाही. काहींना तो जन्मतः हळू येतो, काहींना आजारपणात कानठळ्या बसवण्याइतका मोठा. त्याचं श्रेय कुणी घेऊ नये आणि दोषही कुणाला देऊ नये. घरात कुणाची भूक अचानक गेली तर आधी डॉक्टरांना सांगा. आणि त्या माणसाने दोन घासांनंतर ताट सरकवलं तर ताट उचला, वाद घालू नका, नुसते शेजारी बसा. मला तेवढं जमलं नव्हतं.